रेल्स ६.१ आणि ७.० एकत्र चालवताना: ड्युअल बूटची कामं कुठल्या क्रमाने करायची

रेल्सची (रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कची) आवृत्ती बदलायची म्हणून एक वेगळी ब्रँच काढायची, त्यावर दोन-तीन महिने काम करायचं, रोज मेन ब्रँचशी भांडायचं आणि शेवटी एका शनिवारी रात्री सगळं एकदम लाइव्ह करायचं, ही पद्धत अजून सर्रास दिसते. त्यापेक्षा ड्युअल बूट बरा, म्हणजे एकाच कोडबेसवर जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या चालवायच्या, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. पण तो अर्धवट केला जातो. दोन लॉकफाइली (जेमच्या, म्हणजे रुबी लायब्ररींच्या, नेमक्या आवृत्त्यांच्या याद्या) केल्या, दोन्हीकडे टेस्ट हिरव्या झाल्या, की काम संपलं असं समजून नवी आवृत्ती सोडली जाते आणि दुपारपर्यंत ‘सारखं लॉगआउट होतंय’ अशा तक्रारी सुरू होतात.

कारण सरळ आहे. टेस्टमध्ये दोन आवृत्त्या कधी समोरासमोर येतच नाहीत. प्रॉडक्शनमध्ये येतात: एकीने लिहिलेली कुकी दुसरी वाचते, एकीने कॅशेमध्ये ठेवलेलं दुसरी उचलते. त्यामुळे या लेखात सर्वांत जास्त जागा टप्पा ५ ला दिली आहे. घाई असेल तर तो आधी वाचा, पण काम मात्र पहिल्या टप्प्यापासूनच सुरू करा.

उदाहरण ६.१ वरून ७.० चं घेतलंय. ६.१ चा सपोर्ट १ ऑक्टोबर २०२४ ला संपला आणि ७.० चाही १ एप्रिल २०२५ ला संपला, त्यामुळे ७.० हा मुक्काम नव्हे, मधलं स्टेशन आहे. तरी ६.१ वरून थेट ७.२ वर उडी मारू नका. मधल्या आवृत्तीतल्या डेप्रिकेशन वॉर्निंग (‘हे पुढे काढलं जाणार’ असे इशारे) हाच तुमचा नकाशा असतो. उडी मारली की तो हातचा जातो. (कमांड आणि सेटिंगांची नावं खाली देवनागरीत आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.)

## टप्पा १: जुन्या आवृत्तीवरच करायची कामं

नव्या आवृत्तीला हात लावण्याआधी ६.१ वर बरंच काही उरकता येतं. जे इथे उरकेल ते पुढे दोनदा तपासावं लागत नाही.

१.१ शेवटच्या पॅचवर या. ६.१.७ मालिकेतला शेवटचा पॅच घ्या आणि तो आधी प्रॉडक्शनमध्ये मुरू द्या. यात एक खड्डा आहे. जुलै २०२२ मध्ये आलेल्या ६.१.६.१ पासून यामलमध्ये साठवलेले कॉलम सेफ लोडने वाचले जातात. तुमच्या मॉडेलमध्ये ‘सीरियलाइझ’ लावलेला एखादा सेटिंग्जचा कॉलम असेल आणि त्यात तारखा असतील, तर ‘डिसअलाउड क्लास’ अशी एरर येते. परवानगी द्यायच्या क्लासेसची यादी ‘यामल_कॉलम_परमिटेड_क्लासेस’ मध्ये द्यावी लागते. हे ७.० मुळे होत नाही, पॅचमुळे होतं. म्हणून ते आत्ताच निस्तरा, नाहीतर पुढे दोष भलत्याच्याच डोक्यावर जाईल.

१.२ लोड_डिफॉल्ट्स ६.१ वर आणा. जेम ६.१ चा आणि ‘कॉन्फिग.लोड_डिफॉल्ट्स’ (कुठल्या आवृत्तीची डिफॉल्ट सेटिंगं लावायची ते ठरवणारी ओळ) मात्र ५.२ वर, अशी कितीतरी ॲप सुखाने चालू असतात. ती आधी ६.१ पर्यंत आणा.

१.३ झाइटवर्क. फाइलीच्या नावावरून क्लास आपोआप लोड करणारा जुना क्लासिक ऑटोलोडर ७.० मध्ये उरलेलाच नाही, फक्त झाइटवर्क आहे. ‘रेल्स झाइटवर्क:चेक’ ही कमांड ६.१ वरही चालते. ती चालवून फाइलीचं नाव आणि क्लासचं नाव जुळत नसलेल्या जागा दुरुस्त करा. पीडीएफ, एपीआय, ओटीपी अशी आद्याक्षरांची नावं इथे हमखास अडकतात. त्यांना इन्फ्लेक्टरमध्ये नोंदवा. शिवाय इनिशियलायझरमध्ये तुमचे मॉडेल किंवा सर्व्हिस क्लास थेट वापरले असतील, तर ६.० पासून फक्त वॉर्निंग येत होती, ७.० मध्ये थेट नेम-एरर येऊन ॲप उठतच नाही. तो कोड ‘टू_प्रिपेअर’ ब्लॉकमध्ये हलवा.

१.४ डेप्रिकेशन. टेस्टमध्ये डेप्रिकेशन ‘रेझ’ वर लावा. एकदम सगळं लाल होत असेल, तर ६.१ मध्ये आलेली ‘डिसअलाउड डेप्रिकेशन’ची सोय वापरा: निस्तरलेल्या वॉर्निंग एकेक करून त्या यादीत टाकत जायच्या, म्हणजे त्या परत शिरत नाहीत.

१.५ रुबी वेगळी बदला. ७.० ला किमान रुबी २.७ लागते, आणि ६.१ व ७.० दोन्ही ३.० वर नीट चालतात. रुबी आधी बदला, तिला एक-दोन आठवडे प्रॉडक्शनमध्ये चालू द्या, मगच रेल्सकडे वळा. दोन्ही एकदम बदलून मेमरी वाढली तर कुणामुळे वाढली हे सांगता येत नाही.

> तपासा: ६.१ वर टेस्ट चालवल्यावर एकही डेप्रिकेशन वॉर्निंग येत नाही आणि झाइटवर्क:चेक ‘सगळं ठीक’ म्हणतो. हे दोन्ही होत नाही तोवर टप्पा २ नाही.

## टप्पा २: एक जेमफाइल, दोन लॉकफाइली

यासाठी दोन तयार साधनं आहेत: ‘नेक्स्ट_रेल्स’ हा जेम आणि शॉपिफायचा ‘बूटबूट’ हा बंडलर प्लगइन. पुढचं वर्णन पहिल्याला धरून आहे.

१. ‘जेमफाइल.नेक्स्ट’ नावाची सिमलिंक मूळ जेमफाइलकडे बोट दाखवणारी करा. प्रत काढू नका, सिमलिंकच करा. प्रत काढली की पंधरा दिवसांत दोन फाइली दोन दिशांना जातात.

२. जेमफाइलच्या वरच्या भागात ‘नेक्स्ट?’ नावाची छोटी मेथड येते. चालू फाइलीचं नाव ‘जेमफाइल.नेक्स्ट’ असेल तर ती होय म्हणते. त्या अटीखाली रेल्स ७.० आणि एल्समध्ये ६.१ लिहा.

३. आता सर्वांत जास्त चुकणारी पायरी. नवी लॉकफाइल शून्यातून तयार करू नका. आहे ती जेमफाइल.लॉक ‘जेमफाइल.नेक्स्ट.लॉक’ या नावाने कॉपी करा आणि मग ‘बंडल_जेमफाइल’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नव्या फाइलीचं नाव देऊन फक्त ‘बंडल अपडेट रेल्स’ चालवा. शून्यातून केलं तर बंडलर प्रत्येक जेमची सापडेल ती ताजी आवृत्ती उचलतो आणि रेल्ससोबत निम्मं ॲप बदलून बसतं.

४. बंडलर एखाद्या जेमपाशी अडला, तर आधी त्या जेमची दोन्ही रेल्सना चालणारी आवृत्ती आहे का ते बघा. बहुतेक वेळा असते. तशी असेल तर ती सरळ ६.१ वर आधी डिप्लॉय करा, ‘नेक्स्ट?’ च्या अटीत घालू नका. त्या अटीतल्या ओळी जितक्या कमी तितकं बरं.

५. ‘कॉन्फिग’ फोल्डरमधली बूट फाइल उघडून बघा. तिथे बंडल_जेमफाइलला ‘आधीच नसेल तरच’ किंमत दिली जायला हवी. फार जुन्या ॲपमध्ये तिथे साधं बरोबरचं चिन्ह सापडतं. मग बाहेरून काहीही सांगा, ॲप जुन्याच जेमफाइलवर उठतं.

> सावधान: डिपेंडाबॉटसारखे बॉट सहसा एकच लॉकफाइल अपडेट करतात. सुरक्षेचा पॅच जुन्या लॉकमध्ये आला आणि नव्यात राहिला, असं गुपचूप होतं. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) दोन्ही लॉकफाइली ‘फ्रोझन’ मोडमध्ये इन्स्टॉल करून बघणारी पायरी घाला. कुणी एकच अपडेट केली तर पुल रिक्वेस्ट तिथेच लाल व्हायला हवी.

## टप्पा ३: नवी आवृत्ती नुसती उठवा

अजून टेस्ट नकोत. नुसता कन्सोल उघडतो का ते बघा. इथे अडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

लॉगर सापडत नाही अशी एरर. काँकरंट-रुबी या जेमच्या १.३.५ मध्ये त्याने लॉगर स्वतःहून लोड करणं बंद केलं, आणि ७.१ च्या आधीच्या रेल्स त्यावर नकळत विसंबून होत्या. लॉकफाइल शून्यातून केली असेल तर हे हमखास भेटतं. उपाय दोन: १.३.४ वर पिन करा, किंवा बूट फाइलमध्ये रेल्स लोड होण्याआधी लॉगर ‘रिक्वायर’ करा.

ॲसेट पाइपलाइन गायब. ७.० पासून रेल्स जेम स्प्रॉकेट्स-रेल्स सोबत आणत नाही. तुम्ही स्प्रॉकेट्स वापरत असाल तर तो जेमफाइलमध्ये स्वतः लिहा. ही ओळ दोन्ही आवृत्त्यांना चालते, अटीत घालायची गरज नाही.

स्प्रिंग. ७.० ला स्प्रिंगची किमान ३.० आवृत्ती लागते. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंग जुनं ॲप पाठीमागे चालू ठेवतो आणि तुम्ही नव्या आवृत्तीत टेस्ट चालवतोय असं समजून जुनीच चालवत राहता. ड्युअल बूटच्या काळात स्प्रिंग बंद ठेवा.

बूटस्नॅप (ॲप लवकर उठवणारा जेम). त्याचा कॅशे दोन्ही आवृत्त्यांसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ‘बूटस्नॅप_कॅशे_डिर’ हा व्हेरिएबल त्यासाठीच आहे.

डॉकर. डॉकरफाइलमध्ये बहुधा फक्त जेमफाइल आणि तिचा लॉक कॉपी होतो. नेक्स्टच्या दोन्ही फाइली त्या ओळीत घाला आणि दोन आवृत्त्यांच्या दोन वेगळ्या इमेज बनवा.

आणि ‘रेल्स ॲप:अपडेट’? तो आत्ता चालवला तर एकेका फाइलीवर ‘बदलू का’ विचारत जातो, आणि घाईत होय होय म्हणत गेलं की तुमची कॉन्फिगरेशन पुसली जाते. त्यातून आत्ता हवी ती एकच फाइल: ‘न्यू_फ्रेमवर्क_डिफॉल्ट्स_७_०’. तिच्यातल्या सगळ्या ओळी कॉमेंटमध्ये असतात, त्या तशाच राहू द्या.

> तपासा: दोन्ही पद्धतीने ॲप उठवून रेल्स.व्हर्जन छापून बघा. एकदा ६.१ आणि एकदा ७.० दिसलं पाहिजे. हास्यास्पद वाटेल, पण दोनदा ६.१ दिसणारे बरेच निघतात.

## टप्पा ४: दोन्हीकडे टेस्ट, एकाच मेन ब्रँचवर

सीआयमध्ये दुसरा जॉब घाला, तोच कोड, फक्त बंडल_जेमफाइल वेगळा. सुरुवातीला हा जॉब लाल असेल आणि मर्ज अडवणार नाही अशी सूट द्या. पण आज नापास होणाऱ्या टेस्टची यादी फाइलीत लिहून ठेवा आणि त्या यादीबाहेरची एखादी नवी टेस्ट नापास झाली तर मर्ज अडवा. नाहीतर इकडे तुम्ही पाच दुरुस्त करता आणि तिकडे नव्या फीचरमधून सहा येतात.

दुरुस्त्या लहान लहान पुल रिक्वेस्टने थेट मेनमध्ये जाऊ द्या. दुरुस्ती करताना पहिला प्रश्न असा: हा बदल ६.१ वरही चालेल का? दहापैकी नऊ वेळा चालतो. ज्या थोड्या जागी दोन वेगळे कोड लिहावेच लागतील तिथे आवृत्ती तपासणारी अट एकाच नावाच्या मेथडमधून घ्या, म्हणजे शेवटी ते नाव शोधून सगळं एका दमात काढता येतं.

काही बदल टेस्टच्या जाळीतून निसटतात. एक जवळून बघू. ७.० मध्ये ‘बटन_टू’ ला डेटाबेसमध्ये सेव्ह झालेला रेकॉर्ड थेट दिला, तर तयार होणारा फॉर्म पोस्टऐवजी पॅच (ही एचटीटीपीची मेथड) पाठवतो. तुमच्या पानावर ‘ऑर्डर पुन्हा पाठवा’ असं बटण आहे, त्याचा राउट फक्त पोस्टचा आहे, आणि कंट्रोलरची टेस्ट थेट पोस्ट मारून पास होते. टेस्ट हिरवी, बटण दाबलं की ४०४. उपाय म्हणजे प्रत्येक बटन_टू ला मेथड स्पष्ट लिहून द्यायची. शोधायला अर्धा तास लागतो, आणि तोही ६.१ वरच करता येतो.

नवा जॉब पूर्ण हिरवा झाला की त्याच दिवशी तो अनिवार्य करा. ‘सोमवारी करू’ म्हटलं की परत लाल झालाच.

## टप्पा ५: दोघींमध्ये सामाईक असलेल्या गोष्टी

दोन भावांचं घर वेगळं झालं तरी विहीर एकच असते, तसं हे आहे. कोड वेगळा चालतो. कुकी, कॅशे, क्यू, डेटाबेस आणि ॲसेट मात्र एकच. इथे एक नियम शेवटपर्यंत पाळायचा: नवीला जुनीचं वाचता आलं पाहिजे आणि जुनीलाही नवीचं वाचता आलं पाहिजे. पहिलं रेल्स बहुतेक वेळा सांभाळतं. दुसरं सांभाळत नाही, आणि रोलबॅकच्या वेळी (जुन्या आवृत्तीवर परत जाताना) नेमकं तेच लागतं.

म्हणूनच लोड_डिफॉल्ट्स ६.१ वरच ठेवायचा. ६.१ ला ‘७.०’ हा आकडा माहीतच नाही, तिथे ॲप उठणार नाही. आणि अट घालून नव्या आवृत्तीत ७.० केला तर खालचे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात.

### कुकी आणि सेशन

७.० चे डिफॉल्ट चालू केले की कुकीची किल्ली बनवायची पद्धत शा-१ वरून शा-२५६ वर जाते. अशी कुकी ६.१ ला उघडता येत नाही. ती गुपचूप रिकामी समजली जाते आणि माणूस लॉगआउट होतो. एररही दिसत नाही. डिफॉल्ट जुनेच ठेवले तर हा प्रश्न येत नाही.

कुकी सीरियलायझर कधीच ठरवला नसेल तर तो ‘मार्शल’ असतो. तो ६.१ वर असतानाच ‘हायब्रिड’ करा: जुन्या मार्शल कुकी वाचतो, नव्या जेसनमध्ये लिहितो. जेसनमध्ये सिम्बॉलचे स्ट्रिंग होतात आणि तारखाही स्ट्रिंगच होतात, त्यामुळे सेशनमध्ये काय काय कोंबलंय ते एकदा शोधून बघा.

नवी आवृत्ती वेगळ्या क्लस्टरवर उभी केली असेल तर ‘सीक्रेट_की_बेस’ दोन्हीकडे तोच आहे याची खात्री करा.

> तपासा: स्टेजिंगवर जुन्या सर्व्हरवर लॉगिन करून तीच कुकी नव्याला द्या. मग उलटं करा: नव्यावर लॉगिन, तीच कुकी जुन्याला. उलटी दिशा बहुतेक जण विसरतात.

### कॅशे

७.० ने कॅशेमधल्या नोंदींचा नवा साचा आणला. ७.० ला जुना साचा वाचता येतो, ६.१ ला नवा येत नाही. लोड_डिफॉल्ट्स ६.१ असेल तर ७.० सुद्धा जुनाच साचा लिहितं, म्हणजे इथवर ठीक.

पण साच्याच्या आत काय ठेवलंय? सगळ्या कॅटेगरी डेटाबेसमधून आणून आख्खे ॲक्टिव्ह रेकॉर्ड ऑब्जेक्ट कॅशेमध्ये ठेवायची सवय अनेक ॲपमध्ये असते. ते मार्शलने साठतात, रेल्सच्या अंतर्गत रचनेसकट, आणि ती रचना आवृत्तीगणिक बदलते. ६.१ ने ठेवलेलं ७.० ने उचललं की कधी एरर येते, कधी अर्धवट ऑब्जेक्ट हाती येतो. कॅशेमध्ये आयडी, स्ट्रिंग, साधे हॅश एवढंच ठेवा.

याला सोपा तोडगा म्हणून लोक दोन्ही आवृत्त्यांना कॅशेचं वेगळं ‘नेमस्पेस’ देतात. तो चालतो, पण दोन गोष्टी मोडून. पहिली: जिथे तुम्ही कोडमधून हाताने कॅशे पुसता, तिथे आता फक्त स्वतःच्या बाजूचा पुसला जातो. ॲडमिनने नव्या सर्व्हरवरून किंमत बदलली, जुन्या सर्व्हरवरच्या ग्राहकाला जुनीच दिसत राहते. किल्लीत ‘अपडेटेड_ॲट’ असेल तिथे हा त्रास नाही. दुसरी: मोजदाद. रॅक-अटॅक (रिक्वेस्टवर मर्यादा घालणारा जेम) मुकाट्याने रेल्सचाच कॅशे वापरतो. ओटीपी पाच वेळा चुकला की अडवायचं असा नियम असेल, तर दोन नेमस्पेसमध्ये दोन मोजण्या होतात आणि पाचचे दहा होतात. रॅक-अटॅकला नेमस्पेस नसलेला वेगळा स्टोअर द्या.

माझं मत विचाराल तर नेमस्पेस वेगळं करण्याआधी कॅशेमधले ऑब्जेक्ट काढण्याची मेहनत घ्या. ती पुढच्या प्रत्येक अपग्रेडला कामी येते.

### जॉबची क्यू

साइडकिकला आकडे आणि स्ट्रिंग देत असाल, किंवा ॲक्टिव्ह जॉबला रेकॉर्ड देत असाल, तर फारसं बिघडत नाही. रेकॉर्डऐवजी त्याचा ग्लोबल आयडी जातो. धोका दोन ठिकाणी. एक, आख्खे ऑब्जेक्ट यामलमध्ये गुंडाळून क्यूमध्ये टाकणारा जुना कोड. दोन, नव्या आवृत्तीतच आलेले आर्ग्युमेंटचे प्रकार. पुढे ७.१ ला जाताना याचं नेमकं उदाहरण भेटतं: बिग-डेसिमलसाठी नवा सीरियलायझर येतो आणि जुन्या वर्करला तो जॉब उघडता येत नाही.

### डेटाबेस आणि स्कीमा फाइल

दोन्ही आवृत्त्या चालू असेपर्यंत कॉलम काढायचा नाही, नाव बदलायचं नाही. नवे कॉलम टाका, बाकी नंतर.

स्कीमा फाइलीत मात्र नक्की गोंधळ होतो. ७.० वर मायग्रेशन चालवलं की स्कीमा फाइलीच्या पहिल्या ओळीत चौकटी कंसात ७.० येतं आणि ६.१ ला ती ओळ कळत नाही. शिवाय ७.० मध्ये वेळेच्या कॉलमची डिफॉल्ट प्रिसिजन ६ झाली आहे, त्यामुळे फाइलभर अशा ओळी बदलतात. उलट दिशेला त्रास नाही: ६.१ ची स्कीमा फाइल ७.० नीट वाचतं. म्हणून नियम असा:

- मायग्रेशन नेहमी ६.१ वरून चालवा आणि स्कीमा तिथूनच लिहू द्या.
- ७.० च्या बाजूला ‘डम्प_स्कीमा_आफ्टर_मायग्रेशन’ बंद ठेवा.
- प्रत्येक नव्या मायग्रेशनच्या पहिल्या ओळीत कंसातला आकडा ६.१ असावा. हे सीआयमध्ये एका ग्रेपने तपासता येतं.

### ॲसेट

नव्या सर्व्हरने दिलेल्या पानात सीएसएसचं एक फिंगरप्रिंट असतं. ती फाइल मागणारी पुढची रिक्वेस्ट लोड बॅलन्सर जुन्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि त्याच्याकडे ती नसते. पान उघडं-नागडं दिसतं. दोन्ही बिल्डची ॲसेट एकाच बकेटमध्ये किंवा सीडीएनच्या मागे आधी चढवा, ट्रॅफिक नंतर वळवा.

> सावधान: या काळात ७.० मधली कुठलीही नवी सोय वापरायची नाही. विशेषतः ॲक्टिव्ह रेकॉर्ड एन्क्रिप्शन: त्याने लिहिलेला कॉलम ६.१ ला अगम्य असतो, म्हणजे रोलबॅकचा रस्ता बंद.

## टप्पा ६: ट्रॅफिक वळवणे

आधी निरीक्षण, मग ट्रॅफिक. प्रत्येक लॉग ओळीत आणि एरर ट्रॅकरमधल्या प्रत्येक नोंदीत रेल्सची आवृत्ती टॅग म्हणून यायला हवी. तो टॅग नसेल तर एक टक्का ट्रॅफिकमधल्या एरर बाकीच्या नव्व्याण्णव टक्क्यांत बुडून जातात.

मग या क्रमाने:

१. स्टेजिंग, दोन्ही आवृत्त्या मिसळून. निव्वळ ७.० वर स्टेजिंग चालवून काही कळत नाही. दोन्ही सर्व्हर एकाच लोड बॅलन्सरमागे ठेवा.

२. एक वर्कर. जॉब वाचणारा आधी नवा करा, टाकणारा नंतर. नवीला जुनं वाचता येतं, म्हणून ही दिशा कमी धोक्याची. कमी महत्त्वाची क्यू निवडा. पैसे कापणारी नको.

३. एक टक्का वेब. एनजिनएक्समध्ये ‘स्प्लिट_क्लायंट्स’ किंवा लोड बॅलन्सरचं वजन वापरा. सुरुवातीला तोच माणूस त्याच आवृत्तीवर जाईल असं ठेवा.

४. रोलबॅकची रंगीत तालीम. काही बिघडलेलं नसताना, दहा टक्क्यांवर असताना, मुद्दाम शून्यावर या. तासभर थांबा. लॉगआउट वाढले का, जॉबचे रीट्राय वाढले का? ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि टप्पा ५ मधल्या चुका नेमक्या इथे सापडतात.

५. पंचवीस, पन्नास, शंभर. प्रत्येक पातळीवर किती थांबायचं हे तुमच्या धंद्याच्या चक्रावर ठरवा. बिलिंगचं ॲप असेल तर जीएसटीच्या ११ आणि २० तारखा आणि महिनाअखेर ओलांडू द्या. त्या दिवशी चालणारे रिपोर्ट एरवी कुणी उघडतसुद्धा नाही.

एरर रेटसोबत दर तासाच्या लॉगिनचा आलेखही बघा. कुकी वाचता आली नाही की एरर येत नाही, पण लॉगिन अचानक वाढतात.

## टप्पा ७: जुनी काढा, मग डिफॉल्ट बदला

शंभर टक्क्यांवर आल्यावर लगेच फाइली पुसू नका. निदान एक-दोन आठवडे जुनी इमेज तयार ठेवा. नंतर ‘नेक्स्ट?’ च्या अटीतली एल्सची बाजू काढा, आणि नेक्स्टची लॉकफाइल आहे तशी जेमफाइल.लॉक या नावावर आणा. इथे परत ‘बंडल अपडेट’ मारू नका. महिनाभर तपासलेली आवृत्ती शेवटच्या क्षणी बदलते. ७.० वरून स्कीमा फाइल एकदा नव्याने लिहून तिची वेगळी कमिट करा.

आता ‘न्यू_फ्रेमवर्क_डिफॉल्ट्स’ फाइलीतल्या ओळी एकेक करून उघडा, एका डिप्लॉयला एक. तीन ओळींना जास्त वेळ द्या.

बाहेरच्या साइटवरचे रीडायरेक्ट. ‘रेझ_ऑन_ओपन_रीडायरेक्ट्स’ चालू केलं की दुसऱ्या डोमेनवर पाठवणारा रीडायरेक्ट एरर देतो. पेमेंट गेटवेकडे जाणारे, सबडोमेनवर परत येणारे सगळे रीडायरेक्ट शोधून ‘अलाऊ_अदर_होस्ट’ लावा.

कॅशेचा साचा. ही ओळ इनिशियलायझरमध्ये लिहून चालत नाही, ती ॲप्लिकेशन फाइलीत लिहावी लागते. आणि एकही ६.१ ची प्रोसेस उरलेली नाही याची खात्री करूनच. कुठल्या तरी कोपऱ्यात क्रॉन चालवणारं जुनं मशीन असतं. ते आधी शोधा.

शा-२५६. रेल्सच्या गाइडमधला कुकी रोटेटर जुन्या कुकी वाचून नव्या लिहितो. पण डिप्लॉय चालू असताना अर्धे सर्व्हर जुन्या सेटिंगवर असतात आणि त्यांना नव्या कुकी कळत नाहीत. म्हणून दोन डिप्लॉय करा: पहिल्यात लिहायचं शा-१ नेच, पण शा-२५६ वाचता येईल असा रोटेटर, दुसऱ्यात अदलाबदल. जुना रोटेटर ‘रिमेंबर मी’ च्या मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवा; लॉगिन सांभाळणाऱ्या ‘डिव्हाइज’ या जेममध्ये ती मुदत मुळात दोन आठवडे असते. इतकं करूनही कुकीखेरीज एक गोष्ट उरते: ॲक्टिव्ह स्टोरेजच्या सही केलेल्या लिंका आणि ॲक्शन टेक्स्टच्या मजकुरात कायमच्या बसलेल्या जोडण्यांच्या सह्या. कुकी रोटेटर त्यांना शिवत नाही, किल्ली बदलली की त्या तुटतात. ॲपमधल्या सगळ्या मेसेज व्हेरिफायरसाठी (अशा सह्या तपासणाऱ्या भागासाठी) एकत्रित रोटेशनची सोय ७.१ मध्ये आली. तुमच्याकडे अशा जोडण्या भरपूर असतील तर ही एक ओळ तोवर कॉमेंटमध्येच राहू द्या.

बाकी सगळ्या ओळी उघडून झाल्या की लोड_डिफॉल्ट्स ७.० करा आणि ती फाइल पुसा. शा-२५६ ची ओळ मागे ठेवली असेल तर तिची जुनी किंमत ॲप्लिकेशन फाइलीत स्पष्ट लिहून ठेवायला विसरू नका, नाहीतर लोड_डिफॉल्ट्स बदलताच ती आपोआप चालू होईल. जेमफाइल.नेक्स्टची सिमलिंक आणि सीआयमधला दुसरा जॉब काढू नका. ‘नेक्स्ट?’ च्या अटीत ७.१ लिहिलं, आत्ताची लॉकफाइल पुन्हा कॉपी केली, की पुढच्या फेरीचा टप्पा २ तिथेच सुरू होतो.